गुंगीत ‘पुरे’ म्हणाले ती मीच होते का?

पत्र:

नमस्कार ताई, गेल्या वर्षी माझी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, झाली. गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. मला आठवतं ते एवढंच, की सुई टोचली आणि पुढच्या क्षणी मी बाहेरच्या खोलीत पडून होते. मधे काहीच नाही. नंतर तिथल्या नर्सने सहज सांगितलं, की मी सगळं ऐकत होते, कूस बदला म्हटल्यावर बदलली, आणि शेवटी शेवटी ‘पुरे, आता पुरे’ म्हणत रडत होते. ते ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

मी दोन-तीन वर्षं ध्यानाला बसते. कधी कधी हात कुठे संपतो आणि मांडी कुठे सुरू होते ते कळेनासं होतं. दहा मिनिटं झाली असतील म्हणून डोळे उघडावेत, तर पाऊण तास उलटलेला असतो. आणि कामावरून गाडी चालवत घरी येते, तेव्हा निम्मा रस्ता कसा कापला ते अनेकदा आठवत नाही.

यावर घरात वाद झाला. मैत्रीण म्हणते, ध्यानातली तीच खरी उच्च अवस्था, बाकी सगळा औषधाचा आणि दमण्याचा परिणाम. नवरा म्हणतो, ध्यानात तुला डुलकी लागते. भाचा तत्त्वज्ञान शिकतो. त्याचं म्हणणं, चेतना म्हणजे काय हेच कुणाला सांगता येत नाही, मग ‘चेतनेची बदललेली अवस्था’ या शब्दांना अर्थ काय? पुढच्या महिन्यात पुन्हा तीच तपासणी आहे. मला एवढंच सांगा: यातली बदललेली अवस्था कोणती? आणि ‘पुरे’ म्हणाले ती मीच होते का? मला तेव्हा दुखत होतं का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. बाकीचे प्रश्न निवांत बोलण्याचे आहेत, पण हा तुमच्या मनाला टोचतोय.

ती तुम्हीच होता. आणि बहुधा त्या वेळी तुम्हाला दुखतही होतं.

‘आठवत नाही ना, मग सोडून द्या’ असं तुम्हाला अनेकांनी सांगितलं असेल. मी तसं म्हणणार नाही, कारण त्या सल्ल्याने तुमचा प्रश्न सुटत नाही, नुसता बाजूला पडतो. अशा तपासण्यांच्या वेळी मिडाझोलॅम नावाचं औषध सर्रास दिलं जातं. त्याने माणूस शांत होतो, सुस्तावतो, आणि शिवाय काही काळ मेंदूत नवी आठवण तयार होणं थांबतं. त्या अंमलाखाली माणूस हाकेला ओ देतो, सांगितलेलं करतो, दुखलं तर कण्हतो, पण मागे काही उरत नाही. तुम्हाला नेमकं कोणतं औषध दिलं होतं ते तुमच्या कागदपत्रांत लिहिलेलं असेल, पण तुम्ही केलेलं वर्णन याच गटातल्या औषधांशी जुळतं. त्या अर्ध्या तासाचं काही मनात नाही याचा अर्थ त्या अर्ध्या तासात तुम्ही नव्हता असा होत नाही.

चेतनेबद्दलचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो, म्हणून इथे थोडं थांबते. रोजच्या जगण्यात तीन गोष्टी एकत्र चालतात. बाहेरून काही आलं की आपण प्रतिसाद देतो. ते घडत असताना आपल्याला आतून काहीतरी जाणवतं. आणि जाणवलेलं नंतर आठवतं. एरवी हे तिन्ही इतके बरोबर असतात, की आपण त्यांना एकच समजतो आणि त्याला चेतना, जाणीव, शुद्ध असं काही ना काही म्हणून मोकळे होतो. पण ही तिन्ही एकमेकांपासून सुटी होऊ शकतात. तुमच्या कोलोनोस्कोपीत प्रतिसाद होता, अनुभव बहुधा होता, आठवण मात्र नव्हती.

इतर जोड्याही फुटतात, आणि त्या फुटलेल्या पाहिल्यावरच चेतना म्हणजे नक्की काय हे मला नीट कळायला लागलं. 1974 मध्ये लॉरेन्स वाइस्क्रांट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाबद्दल लिहिलं. मेंदूच्या मागच्या बाजूचा, दृष्टीचं काम करणारा काही भाग त्याच्या शस्त्रक्रियेत काढावा लागला होता. नजरेच्या एका बाजूला आपल्याला काहीच दिसत नाही, असं तो सांगायचा. पण त्या बाजूला दिवा लावून ‘नुसता अंदाज करा आणि बोट दाखवा’ म्हटलं, की बोट बऱ्यापैकी अचूक जायचं. त्याला स्वतःलाच याचं आश्चर्य वाटायचं. इथे प्रतिसाद आहे, आणि पाहण्याचा अनुभव नाही.

उलटी बाजू त्याहून अस्वस्थ करणारी आहे. 2006 मध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या गटाने एका तरुण स्त्रीची तपासणी केली. अपघातानंतर ती डोळे उघडत होती, पण कशालाही काही प्रतिसाद देत नव्हती. तिला मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्रात ठेवून सांगितलं, की आपण टेनिस खेळतोय अशी कल्पना करा, आणि मग आपल्या घरातून खोल्याखोल्यांत फिरतोय अशी कल्पना करा. निरोगी माणसाच्या मेंदूत या दोन कल्पनांच्या वेळी ज्या जागा कामाला लागतात, त्याच तिच्याही मेंदूत लागल्या. पुढे 2024 मध्ये सहा ठिकाणचे रुग्ण एकत्र पाहिलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सांगितलेलं करून दाखवण्याची कोणतीही खूण न दिसणाऱ्या 241 जणांपैकी 60 जणांच्या मेंदूत मात्र सूचनेप्रमाणे काम झाल्याची खूण सापडली. खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्यांच्यात कुणी जागं आहे असं वाटलंच नसतं.

रुग्णालयात चेतना मोजण्याचं जे माप सगळीकडे चालतं, ते ग्लासगो कोमा स्केल, तेही 1974 चंच. डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण देऊन 3 ते 15 अशी बेरीज करतात. डोक्याला मार लागलेल्या माणसाची तब्येत सुधारतेय की ढासळतेय हे पाहायला ते फार उपयोगी आहे. पण ते मोजतं प्रतिसाद. अनुभव त्याच्या हाती लागत नाही, आणि ते तसा दावाही करत नाही.

आणि तुमच्या बाबतीत घडलं तसं अनुभव असून आठवण नसण्याचं काय? भूलतज्ज्ञांनी याचा शोध फार हुशारीने घेतला आहे. पूर्ण भूल देताना बऱ्याचदा स्नायू सैल करणारं औषधही देतात, त्यामुळे रुग्ण जागा असला तरी हलू शकत नाही. म्हणून 1977 पासून काही अभ्यासांत ते औषध देण्यापूर्वी एका हाताला दाबपट्टी बांधून तेवढा हात त्या औषधापासून वेगळा ठेवला गेला. मग भुलीत असलेल्या माणसाला सांगायचं, ‘माझा हात दाबा.’ काही लोकांनी खरंच हात दाबला. शुद्धीवर आल्यावर त्यातल्या बहुतेकांना त्याची काहीच आठवण नव्हती. हे वाचून घाबरू नका. कुणी कुठल्या क्षणी होतं की नव्हतं, हे नंतरच्या आठवणीवरून ठरवू नये, एवढंच मला यातून सांगायचं आहे.

आता तुमच्या भाच्याकडे वळते, कारण त्याचा आक्षेप हलका नाही. चेतनेची सगळ्यांना मान्य होईल अशी व्याख्या नाही, हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण ‘कशाबद्दल बोलतोय’ हे ठरवणं आणि ‘ते का घडतं’ हे सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या कामापुरतं बऱ्यापैकी एकमत आहे. तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी 1974 मध्येच ते मांडलं: एखादा जीव जाणीव असलेला आहे असं म्हणायचं, जर तो जीव असणं त्याच्या स्वतःसाठी आतून काहीतरी असेल. दगड असणं दगडासाठी काहीच नाही. तुम्ही असणं तुमच्यासाठी काहीतरी आहे, अगदी गुंगीतसुद्धा. पुढे तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांनी 1995 मध्ये आणखी एक फोड केली. नुसतं जाणवणं वेगळं, आणि जाणवलेलं बोलायला, विचाराला, निर्णयाला हाताशी असणं वेगळं. भाच्याने ही फोड वाचली नसेल तर जरूर वाचावी, त्याच्या वादाला धार येईल.

अडलेलं आहे ते दुसरं काम. मेंदूतल्या पेशींच्या विजेतून हे आतलं जाणवणं का निर्माण व्हावं? तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी 1990 च्या दशकात याला ‘कठीण प्रश्न’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. 1998 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी त्यांच्याशी पैज लावली, की 25 वर्षांत जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत कॉख यांनी सर्वांसमोर हार मानली आणि ठरल्याप्रमाणे वाइन दिली. इतकं सगळं खरं. पण ईथरच्या भुलीची पहिली गाजलेली जाहीर शस्त्रक्रिया बॉस्टनमध्ये 1846 साली झाली, आणि तेव्हापासून भूल देणं कधी थांबलेलं नाही. शेवटचं ‘का’ हाती नसलं तरी माणसं रोज कामापुरत्या व्याख्येवर जाणीव घालवतात, परत आणतात, मोजतात आणि सुधारतात. आपल्यालाही तशीच कामापुरती व्याख्या पुरे आहे: प्रतिसाद आणि आठवण बाजूला ठेवून, आतून जाणवणं म्हणजे जाणीव.

मग बदललेली अवस्था कशाला म्हणायचं? इथे जाणकारांमध्ये तीन वाटा दिसतात, आणि त्यातली एक मला जास्त पटते.

1966 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ आर्नल्ड लुडविग यांनी लिहिलेली व्याख्या आजही कामाची आहे. त्यांच्या मते, शरीराच्या, मनाच्या किंवा औषधाच्या मार्गाने आलेली अशी कोणतीही मनःस्थिती, जी त्या माणसाच्या स्वतःच्या सावध जागेपणापासून पुरेशी दूर गेलेली आहे. आणि हे दूर जाणं त्या माणसाला स्वतःला कळेल, किंवा बाहेरून पाहणाऱ्याला कळेल. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स टार्ट यांनी 1969 मध्ये या विषयावरचा मोठा लेखसंग्रह काढला. त्यांनी भर दिला तो स्वतःला जाणवण्यावर. नुसतं थोडं जास्त जागं किंवा थोडं जास्त पेंगुळलेलं असणं पुरत नाही, मनाच्या चालण्याची एकूण जातच बदलली आहे असं त्या माणसाला स्पष्ट वाटलं पाहिजे. 2009 मध्ये आन्ती रेवोन्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरी वाट सुचवली: मेंदू जग किंवा स्वतःला चुकीचं दाखवायला लागला, की ती बदललेली अवस्था.

टार्ट यांचं म्हणणं आकर्षक आहे, पण ते एका जागी अडतं. स्वप्न घ्या. स्वप्नात आपली भूमिका, जागा, माणसं सगळं उलटंपालटं असतं आणि आपल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. बदल झाल्याचं स्पष्ट वाटणं हीच अट ठेवली, तर सर्वांत मोठा रोजचा बदल व्याख्येबाहेर राहतो. तुमची गुंगीही बाहेर राहते. म्हणून मी लुडविग यांच्या बाजूची आहे: स्वतःला कळो किंवा पाहणाऱ्याला कळो. टार्ट यांची ‘एकूण जात बदलणे’ ही कल्पना मात्र मी सोडत नाही, कारण तिने फालतू गोष्टी गळून पडतात. राग आला, गाणं ऐकून डोळ्यांत पाणी आलं, हिशोबात गुंगून गेलात, तर मनात काय आहे ते बदललं. बदललेली अवस्था तेव्हा, जेव्हा लक्ष, वेळेचा अंदाज, शरीराचं भान, ‘मी’पणाची हद्द, आठवण, खऱ्या-खोट्याची पारख यातल्या बऱ्याच गोष्टी एकदम आपली नेहमीची जुळणी सोडतात आणि थोडा काळ नव्या जुळणीत राहतात. प्रवाहाचं पाणी गढूळ झालं तर प्रवाह तोच असतो. त्याने पात्र बदललं, तर बदल झाला म्हणायचं.

एक गोष्ट या व्याख्येत फार महत्त्वाची आहे आणि लोक ती विसरतात: तुलना तुमच्या स्वतःच्या नेहमीच्या जागेपणाशी करायची. शेजारच्या माणसाशी नाही, पुस्तकातल्या वर्णनाशी नाही. ज्याला रोज रात्री जिवंत रंगीत स्वप्नं पडतात, त्याचं स्वप्न दुसऱ्याच्या स्वप्नापेक्षा जास्त ‘बदललेलं’ ठरत नाही.

आता तुमच्या तीन प्रसंगांना हे लावून पाहू. तपासणीतली गुंगी: निःसंशय बदललेली अवस्था. लक्ष आकुंचलेलं, संकोच सैलावलेला, आठवण बंद. तुमच्याकडे त्याची आठवण नाही, पण नर्सला बदल दिसला, आणि लुडविग यांच्या व्याख्येत तेवढं पुरतं.

गाडीतला हरवलेला रस्ता: माझ्या मते नाही. तुम्ही सिग्नल पाळत होता, ब्रेक मारत होता, फक्त मन दुसरीकडे होतं आणि ओळखीच्या रस्त्याची वेगळी आठवण ठेवण्यासारखं काही घडलं नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 2,250 प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं, की या क्षणी मन कुठे आहे. जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. इतकी नेहमीची गोष्ट बदललेली अवस्था धरली, तर तो शब्द कशालाच लागू करायला उरणार नाही. एक अपवाद मात्र तुमच्याच जिवासाठी सांगते. ‘रस्ता आठवत नाही’ याबरोबर मान खाली झुकणं, पापण्या जड होणं, गाडी कडेला गेल्यावर दचकणं असं होत असेल, तर ती काही सेकंदांची झोप आहे. ती बदललेली अवस्थाच आहे आणि जिवावर बेतणारी आहे. तेव्हा गाडी थांबवायची, चर्चा नंतर.

ध्यान जरा जास्त बोलण्यासारखं आहे. ध्यानाला बसणं म्हणजे आपोआप बदललेली अवस्था, असं नाही. बहुतेक वेळ तुम्ही बसलेल्या असता, विचार येतात, तुम्ही परत श्वासाकडे येता, आणि हे सगळं अगदी साधं जागेपण आहे. पण हात कुठे संपतो ते कळेनासं होतं आणि पाऊण तास दहा मिनिटांत जातो, तेव्हा शरीराची हद्द आणि वेळ दोन्ही एकदम सैल झालेली असतात. त्या टप्प्यापुरती मी तिला बदललेली अवस्था म्हणेन. शरीराची हद्द ही आपल्याला पक्की वाटते, पण मेंदू ती क्षणोक्षणी नव्याने मांडत असतो. 1998 मध्ये मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी फार साधा प्रयोग केला. माणसाचा खरा हात आडोशाला ठेवला, समोर रबरी हात ठेवला आणि दोन्हींवर एकाच वेळी कुंचल्याने हळूहळू घासलं. थोड्याच वेळात माणसांना रबरी हातच आपला वाटू लागला. स्थिर बसून, डोळे मिटून, त्वचेकडून आणि सांध्यांकडून येणाऱ्या खबरा एकसारख्या झाल्यावर ती हद्द पुसट व्हावी, यात गूढ काही नाही. आणि गूढ नाही म्हणून तो अनुभव कमी मोलाचाही होत नाही.

तुमच्या यजमानांची शंका टाकून देऊ नका. जागेपण आणि झोप यांच्या सीमेवर एक पट्टा असतो, तिथेही शरीर हलकं होतं आणि वेळ निसटते. ओळखायचं कसं? पेंग येते तेव्हा विचारांचे तुकडे आपोआप जुळून चमत्कारिक चित्रं होतात, मान ढळते, अंग दचकतं, आणि बाहेर आल्यावर जरा वेळ बधिरपणा राहतो. ध्यानातल्या त्या टप्प्यात बहुधा उलट असतं: पाठ सरळ राहते, ‘हात कळत नाहीये’ हेही त्याच वेळी कळत असतं, आणि बाहेर आल्यावर मन स्वच्छ असतं. तुमच्या बाबतीत दोन्ही होत असण्याची शक्यता आहे, कधी हे कधी ते. काही दिवस उठल्याबरोबर दोन ओळी लिहून ठेवा. वाद आपोआप मिटेल.

हे ‘त्याच वेळी कळणं’ मला फार मोलाचं वाटतं. स्वप्नातही ते येऊ शकतं. 1975 मध्ये कीथ हर्न यांनी, आणि पुढे स्वतंत्रपणे स्टीफन लाबर्ज यांनी, स्वप्न पाहत असताना ‘हे स्वप्न आहे’ हे ओळखणाऱ्या माणसांकडून आधी ठरवलेल्या खुणेप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे हलवून निरोप मिळवला. यंत्र सांगत होतं की माणूस झोपलेला आहे, आणि डोळे सांगत होते की तो आत हजर आहे. म्हणजे अवस्था बदलली म्हणून साक्षीपणा जायलाच हवा असं नाही. तुमच्या गुंगीत तो बहुधा गेला होता, तुमच्या ध्यानात तो राहतो. या दोन प्रसंगांत खरा फरक शोधायचा तर तो इथे आहे.

म्हणूनच ‘उच्च अवस्था’ या मैत्रिणीच्या शब्दाशी माझं जमत नाही. अवस्थांची एकच शिडी असती, वर समाधी, मधे जागेपण, खाली झोप आणि कोमा, तर सोपं झालं असतं. पण एका अवस्थेत लक्ष वाढतं आणि वेळेचं भान जातं. दुसरीत चित्रं भडक होतात आणि पारख जाते. तिसरीत शांतता येते आणि आठवण जाते. एकाच आकड्यात हे मावत नाही. भुलीच्या औषधांमध्येसुद्धा हे दिसतं. केटामाइन दिलेला आणि प्रोपोफॉल दिलेला, दोघेही बाहेरून सारखेच निपचित पडलेले असतात. पण केटामाइनवाला जागा झाला की बऱ्याचदा विलक्षण स्वप्नं सांगतो, आणि 2015 च्या एका प्रयोगात चुंबकाने मेंदूला हलका धक्का देऊन त्याचे पडसाद पाहिले, तर केटामाइनखालचे पडसाद जागेपणासारखे गुंतागुंतीचे होते, प्रोपोफॉलखालचे सपाट. बाहेरची ‘पातळी’ एक, आतलं जग वेगवेगळं.

मैत्रिणीला जुन्या परंपरेचा आधार हवा असेल, तर मांडूक्य उपनिषद तिला दाखवा. अवघे बारा मंत्र आहेत. त्यात जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, आणि या तिन्हींपलीकडची चौथी अवस्था असं सांगितलं आहे, आणि मला त्यातलं सर्वांत धाडसी वाटतं ते हे, की जागृतीलाही तिथे एक अवस्थाच धरलं आहे. आपण मात्र जागेपणाला मोजपट्टी मानतो आणि बाकीच्यांना तिच्यावर मोजतो. पतंजलींच्या योगसूत्रांत तर झोपेलाही चित्ताची एक वृत्ती म्हटलं आहे, नुसती रिकामी जागा नाही. आजचे झोपेचे अभ्यासक गाढ झोपेतून उठवलेल्या माणसांना विचारतात, तेव्हा काही जण म्हणतात काहीच नव्हतं, काही जण स्वप्न सांगतात, आणि काही म्हणतात, ‘काहीतरी होतं, पण काय ते हातात राहिलं नाही.’ त्या तिसऱ्या उत्तरावर मी अनेकदा विचार करत बसते. तुमची गुंगी त्याच्याही पलीकडची आहे, कारण ‘काहीतरी होतं’ हेसुद्धा तुमच्याकडे उरलेलं नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं, तेही सांगून ठेवते, कारण सगळ्याच बदललेल्या अवस्था निरुपद्रवी नसतात. आपणहून येणारे, दर वेळी साधारण सारखेच असणारे, काही सेकंद ते एक-दोन मिनिटं टिकणारे कोरे क्षण. त्यात नजर एका जागी खिळणं, ओठ चाटणं किंवा हाताने उगाच काहीतरी चाळवणं, आणि नंतर गोंधळलेपण, असं कुणी तुमच्यात पाहिलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. तो अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याचा, एक प्रकार असू शकतो. तोवर गाडी चालवू नका. आपण आपल्याच बाहेरून स्वतःला पाहतोय किंवा जग खोटं आहे असं वाटणं ध्यान संपल्यावरही दिवसेंदिवस राहिलं, तर ध्यान थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. स्वतःला किंवा घरात कुणाला पूर्वी मनाचा गंभीर आजार होऊन गेला असेल, तर बरेच दिवस मौन आणि तासन्‌तास बसण्याची शिबिरं मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नयेत. आणि घरातलं वयस्क माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागलं, तर ‘वयामुळे’ म्हणू नका. संसर्ग, औषध, पाणी कमी पडणं असं कारण असू शकतं आणि ते त्याच दिवशी पाहावं लागतं. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही.

आता पुढच्या महिन्याची तपासणी. मागच्या वेळचं जे तुम्हाला नर्सने सांगितलं, ते तसंच्या तसं डॉक्टरांना आणि भूल देणाऱ्यांना आधी सांगा. ‘मला नंतर आठवलं नाही, पण मी तेव्हा पुरे म्हणत होते, ते मला पुन्हा नको आहे’ एवढं वाक्य पुरे. संकोच करू नका. ‘आठवणार नाही’ आणि ‘दुखणार नाही’ ही दोन वेगळी आश्वासनं आहेत, आणि तुम्हाला दुसरं मागण्याचा हक्क आहे. पर्याय असतात. वेदनाशामक औषधाची मात्रा नीट बसवता येते. भूलतज्ज्ञ हजर असतील तर प्रोपोफॉलसारख्या औषधाने जास्त गाढ झोपवता येतं. त्यात श्वासावर बारीक लक्ष ठेवावं लागतं, म्हणून तुमचं वय, वजन, आजार पाहून ते ठरवतील. काही जण गुंगी न घेताही ही तपासणी करून घेतात, तेव्हा सगळं आठवतं आणि थांबा म्हटलं की थांबवता येतं. तुमचा स्वभाव तुम्हीच जाणता. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, की तुम्हाला आठवणीपेक्षा त्या क्षणाची काळजी जास्त आहे, म्हणून गाढ झोपेचा पर्याय आधी विचारून पाहा.

कोणताही पर्याय घेतला, तरी हाताने करायची एक खूण आधीच ठरवून घ्या आणि ती दिसली की थांबायचं, हे तिथल्या सर्वांना माहीत असू द्या. सोबत कुणाला तरी न्या. गुंगी घेतली तर त्यानंतरचे 24 तास गाडी चालवू नका, कुठल्याही महत्त्वाच्या कागदावर सही करू नका, आणि डॉक्टर बाहेर येऊन जे सांगतील ते सोबतच्या माणसाला ऐकायला आणि लिहून घ्यायला लावा, कारण त्या वेळी तुम्ही नीट बोलत असाल, माना डोलवत असाल, आणि संध्याकाळी त्यातलं काही आठवणार नाही.